करपल्याचा वास

आमच्या घरात करपल्याचा वास येतो. भट्टी पेटलेली असू दे न्हायतर गार पडलेली, घरात दूध असू दे न्हायतर नसू दे. सकाळी चूळ भरताना येतो, देवापुढं उदबत्ती लावली तरी तिच्या आडून येतो, कुणाच्या बारशाचा पेढा हातात घेतला तर त्यातूनबी येतो. दूध कढईला खाली लागलं की जो वास सुटतो, घशात जाऊन चिकटणारा, तोच. आमच्या ह्यांना तो येत न्हाय. त्यांनी सगळं घर हुंगून बघितलं, माळवदावर चढून बघितलं, शेवटी माझ्या डोक्याला नाक लावलं आणि म्हणाले, "खोबरेल तेलाचा येतोय बघ, राजे."

हसायला काय जातंय. मीबी हसले होते तवा.

आमचा धंदा खव्याचा. भूमकडचं गाव आमचं, तिथं जनावरं बी लई आणि भट्ट्या बी लई. दूध कढईत ओतायचं, खाली लाकडं सारायची आणि उलथनं घेऊन घोटत बसायचं, दूध आटून गोळा होईस्तोवर. हात थांबला की दूध लागलंच. एका कढईभर खव्याला आमी घाणा म्हणतो. आता मोटारीवर फिरणारी यंत्रं आलीत, पण मी हातानंच घोटते. माझा खवा पांढरा, मऊ, बोटानं दाबला तर लोण्यावाणी दबतो. गिऱ्हाईक डोळे झाकून घेतं. बढाई म्हणून न्हाय सांगत, बाजारात कुणालाबी विचारा.

आणि असला खवा मी उकिरड्यावर ओतायची. वास आला की ओतायची. मग कढई घासायची, परत घासायची, राखेनं हात सोलून निघंस्तोवर घासायची. आमचे हे डोकं धरून बसायचे. "अगं सोन्यासारखा माल! सगळं गाव डोळे झाकून घेतं, तूच कशाला डोळे फाडून बघतीस?" मी ऐकायची न्हाय. गावातली कुत्री मातर बाळसं धरून होती.

दुसऱ्यांच्या भट्टीवर पोरं खरवडीसाठी ताटकळत बसतात. कढईच्या तळाला जे तांबूस चिकटतं ना, ते खरवडून साखर घालून खायचं, त्याच्यासारखं खाणं न्हाय. माझ्या कढईला खरवड राहायचीच न्हाय. राहिली म्हणजे हात कमी पडला, असं माझं. माझी आरोही लहान होती तवा वाटी घेऊन दुसऱ्याच्या भट्टीवर जायची खरवड मागायला. खवेवालीची पोरगी! मला तवा लाज वाटायची, राग यायचा.

ती आरोही जून महिन्यात घर सोडून गेली. मुरुमला माझी थोरली बहीण असते, अक्का, तिच्याकडं. नववीला तिथंच नाव घातलं. ती कशी गेली तेवढं सांगते, कारण पुढचं सगळं मी तिला परत आणायसाठी केलं. देव केला, डॉक्टर केला, आणि डॉक्टरच्या पुढचंबी केलं.

त्या दिवशी मी माहेरच्या एका लग्नाला गेले होते. हे रानात. दूध आलं, ते नासू नये म्हणून आरोहीनं एकटीनं भट्टी पेटवली. कुणी सांगितलं न्हाय, कुणी शिकवलं न्हाय, बघून बघून शिकलेली. मी दिवस कलायला घरी आले तर पोरगी दारातच पातेलं घेऊन उभी. तोंड लाल झालेलं, केस कपाळाला चिकटलेले, हाताला एक चटका.

"आई, बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. पांढरा, मऊ, माझ्यासारखा. आणि वास आला.

"लागलाय," मी म्हणले.

"न्हाय लागला. मी हात थांबवलाच न्हाय."

"मग वास कशाचा? तुला येतोय का न्हाय? खरं सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मग म्हणाली, "येतोय."

झालं. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि तसंच मागं जाऊन ओतलं. हे रानातनं आले, पातेल्याच्या कडेचं बोटावर घेऊन चाटलं आणि माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं. "ह्यात काय बी झालेलं न्हाय," ते म्हणाले. आरोही रडली न्हाय. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या देखत अक्काला फोन लावला. "मावशी, मला तुमच्याकडं शाळेत घाला. हितं मी काय बी केलं तरी करपतं."

मी तिची पिशवी भरली. फ्रॉक, पंजाबी ड्रेस, सगळ्या घड्या मोडून परत घातल्या, कारण कडा जुळत नव्हत्या. एस.टी. येऊस्तोवर घड्याच घालत होते. ती बघत उभी होती आणि मला तिला जवळ घ्यायचं सुचलं न्हाय.

ती गेली आणि घर असं गप्प झालं की वासाला रानच मोकळं सापडलं.

शेजारची प्रेमाबाई म्हणाली, "बाहेरचं असंल गं. तुझी सासू, दगडाबाई. तिचा जीव ह्या कढईत होता. ती अतृप्त हाय." आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जाऊन पाच-सहा वरसं झाली होती. मला पटलं न्हाय, पण बुडत्याला काडीचा आधार. मी आत्याबाईंच्या नावानं नैवेद्य केला, वर खव्याचा गोळा ठेवला, माळवदावर मांडला. म्हणलं आता कावळा शिवतोय का न्हाय बघू. अहो, पान ठेवून मागं वळते न वळते तोवर आला! चोच भरून घेऊन गेला, परत आला, परत घेऊन गेला. प्रेमाबाईचं तोंड बघण्यासारखं झालं. आत्याबाई तृप्त होत्या, त्यांची माझ्याकडून काय बी इच्छा राहिली नव्हती. ते कळलं आणि मला जास्तच भ्या वाटलं. वास तसाच होता.

मग हे मला धाराशिवला घेऊन गेले. आधी नाकाच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून बघितलं. नाक चांगलं. मग डोक्याचा फोटो काढला. डोकंबी चांगलं. हे खुश. डॉक्टर म्हणाले, आता मनाच्या विभागात जाऊन या. माझं डोकं सणकलं. "मी येडी हाय का?" तिथल्या तिथं वरडले. लोक बघायला लागले. हे हळूच म्हणाले, "येडी न्हाईस. पण कुत्र्यांना रोज खवा घालणारी दुसरी बाई मला दाखव."

मनाच्या विभागात नीरजा मॅडम म्हणून एक बाई बसतात. गोळ्या देणारे डॉक्टर वेगळे, ह्या नुसत्या बोलतात. आरोहीपेक्षा दहा-पंधरा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांच्या मागं भिंतीवर कॅलेंडर लावलेलं, ते वाकडं. त्या मला नावगाव विचारत होत्या आणि माझं सगळं ध्यान कॅलेंडरात. शेवटी मी उठले आणि सरळ केलं. मॅडम खुर्चीत वळल्या, त्यांनी एका बोटानं ते परत वाकडं केलं आणि हसल्या.

"राहू द्या ना तसंच."

"डोळ्यात खुपतंय."

"खुपू द्या थोडं. किती खुपतं ते बघू आपण."

मी मनात म्हणले, आली मोठी शहाणी. पण बसले. आणि खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मी त्यांना काय काय सांगितलं ते मला आठवत न्हाय, कॅलेंडर मातर इंच न् इंच आठवतं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सासूचं विचारलं. सगळ्यांना सासूच पायजे! सासूनं छळलं का, घालूनपाडून बोलली का. मी म्हणले, "न्हाय हो. आत्याबाई देवमाणूस होत्या." मॅडमनी वाट बघितली. त्यांना वाट बघायची लई सवय हाय. मग मी सांगितलं.

मी नवी नवरी होते. नणंदेचा साखरपुडा होता, गुलाबजामाचा खवा घरचाच करायचा होता आणि आत्याबाईंनी पहिल्यांदाच माझ्या हातात उलथनं दिलं. कुणीतरी मला हाक मारली, मी मान वळवली, तेवढ्यात खाली लागलं. आता खवा करणाऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाबी म्हाईत असतं, लागलेल्या कढईचा तळ खरवडायचा न्हाय. वरचं दूध हलक्या हातानं दुसऱ्या कढईत काढून घ्यायचं, तळ हाय तसा सोडून द्यायचा, घाणा वाचतो. मलाबी म्हाईत होतं. पण तो तांबडा डाग मला बघवंना. कुणी बघायच्या आत कढई पांढरी करावी म्हणून मी उलथनं रेटून तळ खरवडला. काळे कण सगळ्या दुधात पसरले. सगळा घाणा गेला. आत्याबाई आल्या, कढईत बघितलं, म्हणाल्या, "होतं गं पोरी." आणि स्वतः पदर खोचून दुसरा घाणा करायला बसल्या.

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मग काय न्हाय. तेवढंच."

"नंतर कधी बोलल्या?"

"तेच तर," मी म्हणले. "कधीच न्हाय. मी वाट बघत राहिले. आज बोलतील, उद्या बोलतील. सणाला बोलतील, माझ्या माहेरच्या माणसांपुढं बोलतील. मी बाळंत झाले, घर सांभाळलं, त्यांचं दुखणं काढलं, आणि दर वेळी कढईपाशी बसले की वाटायचं, आता मागनं बोलतील. बोलल्याच न्हाईत. मेल्या. त्या वरडल्या असत्या तर मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते आणि मोकळी झाले असते."

मॅडम हळूच म्हणाल्या, "मग त्यांच्या वाट्याचं ओरडणं तुम्हीच करत बसलात."

मला एवढा राग आला. उठलेच. "मॅडम, लागलेला तळ खरवडू नये म्हणतात, आणि तुम्ही उलथनं घेऊनच बसलाय," असं म्हणून दार लोटून बाहेर. पुढच्या वेळेला गेलेच न्हाय. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुंकून पितं, मी तर त्या दिवसापासून पाणीबी फुंकून प्यायला लागले. मला कुणाची गरज न्हाय, असं स्वतःला सांगून ठेवलं.

मग अक्काचा फोन आला. असाच, ख्यालीखुशालीचा. "पोरगी लई गुणाची हाय तुझी," ती म्हणाली. "अक्षर कसं मोत्यासारखं. पानभर लिहिते, बघते, फाडते, परत लिहिते. जेवायला हाक मारली तरी उठत न्हाय. आमच्या पोरांना म्हणते मी, शिका जरा तिच्याकडनं."

अक्का कौतुकानं सांगत होती आणि मला माझी राखेनं घासलेली कढई दिसत होती. मी फोन ठेवला आणि ह्यांना म्हणले, "मला धाराशिवला सोडा." ह्यांनी तिथल्या तिथं सदरा चढवला.

मॅडमनी मागचं काय बी काढलं न्हाय. एवढंच म्हणाल्या, "वास येतो म्हणजे येतो, मी त्याला खोटा म्हणणार नाही. तो कधी जाईल तेही मला सांगता येत नाही. पण वास आला की तुम्ही काय करता?"

"उठते. बघते. ओतते. घासते."

"आणि मग बरं वाटतं?"

"वाटतं. जरा वेळ."

"म्हणून तो परत येतो. तुम्ही उठलात की त्याला वाटतं, आपलं म्हणणं खरं होतं. आता वास आला की उठायचं नाही. बसून राहायचं. त्याला म्हणायचं, ये, बस."

हे ऐकायला सोपं. करून बघा. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी एक गोळीबी दिली, ती घेत होते, पण बसायचं काम गोळी करत न्हाय, ते आपणच करायचं. आधी बारकी बारकी कामं दिली मॅडमनी. फडताळातली एक वाटी पालथी ठेवायची आणि तशीच सोडायची. साडीची एक निरी कमी-जास्त. कुणी काय दिलं, केलं, तर "चालंल" म्हणायचं. हा शब्द मला घशाखाली उतरंना. "मॅडम, चालंल म्हणणाऱ्या माणसाचा खवा चार गावात कुणी घेत न्हाय!" त्या म्हणाल्या, "घेतात का नाही ते बघूया की." हट्टाला पेटलेली बाई. मी ह्यांच्या चहाला एकदा साखर कमी घातली आणि म्हणले, "चालंल." हे चहा पिऊन म्हणाले, "न चालायला काय झालं, मी तुझ्या भीतीनं कधी सांगितलं न्हाय, मला गोडच आवडत न्हाय एवढं." एवढी वरसं संसार केला आणि हे असं!

मग भट्टी. पहिल्यांदा वास आला तवा घाणा अर्ध्यावर होता. माझं अंग घामानं भिजलं. उलथनं फिरत होतं आणि माझ्या मागं आत्याबाई उभ्या होत्या. नव्हत्या, मला म्हाईत हाय नव्हत्या. पण त्यांच्या लुगड्याचा काठ मला डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत होता आणि त्या माझ्या खांद्यावरून कढईत बघत होत्या. काय बी न बोलता. मी उठले न्हाय. वास वाढला. मी उठले न्हाय. शेवटी सहन होईना तवा मान न वळवता वरडले, "बोला की एकदाचं! बोला!"

हे गोठ्यातनं पळत आले. "कुणाला वरडतीस?"

"तुमच्या आईला."

"काय म्हणती?"

"काय बी म्हणत न्हाय. तेच तर मेलं दुखणं हाय."

हे आले आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. खवा झाला, मी न चाखता, न हुंगता पातेल्यात काढला आणि टेम्पोत चढवला. दिवसभर फोनकडं बघत बसले, आता व्यापारी फोन करणार, आता शिव्या घालणार. फोन आला. "वहिनी, उद्या जरा वाढवून द्या." मी फोन ठेवून ढसाढसा रडले. शिव्यांची तयारी करून बसलेल्या माणसाला चांगलं बोललेलं सोसत न्हाय.

असं करत करत दसरा झाला. वास गेला न्हाय. पण तो यायचा, बसायचा, मी घोटत राहायची. एका दिवशी मी मुद्दाम कढईत खरवड ठेवली. तांबूस, खमंग. हात वळवळत होता घासायला, तो मांडीखाली दाबून बसले. मग मुरुमला फोन लावला.

"आरोही, कढईत खरवड हाय."

तिकडं पान फाडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"कुणाच्या कढईत?" तिनं विचारलं.

"आपल्या."

मग म्हणाली, "दिवाळीला येते."

दिवाळीच्या तोंडावर आली. अक्काच्या पोरानं बसमध्ये बसवून दिली. उंच झालेली, गालाची हाडं वर आलेली, वेणी एवढी घट्ट की कपाळ ताणलेलं. मी वेणीला हात लावला न्हाय. "चालंल का जेवायला, भात जरा गिचका झालाय," म्हणले. तिनं असं बघितलं की जणू घर चुकली. हे तोंडावर हात धरून हसत होते. मला वाटलं, जिंकलं. पोरगी परत मुरुमला जात न्हाय आता. मनात मी तिच्या शाळेचा दाखलासुद्धा आणून ठेवला.

दिवाळीत खवा करणाऱ्याला दम खायला मिळत न्हाय, घाण्यावर घाणा. दुसऱ्या दिवशी आरोहीच म्हणाली, "आई, हा घाणा मी घेऊ?"

"घे की."

"तू बाहेर बस. बघू नको."

मी बाहेर ओट्यावर बसले. आतनं उलथन्याचा आवाज येत होता, एकसारखा, कुठं अडत न्हाय, माझ्यापेक्षा चांगला हात. आणि मग वास आला. असा आला की माझे डोळे चुरचुरले. मी ओट्याची कड धरली. ये, म्हणले. बस. आत माझी पोरगी खवा करतीय आणि मी उठणार न्हाय. मी उठले न्हाय. मला त्या घडीला स्वतःचा एवढा अभिमान वाटला, सांगू.

उलथन्याचा आवाज थांबला. जरा वेळानं मागच्या दाराची कडी वाजली. मी गेले तर आरोही उकिरड्यापाशी, फडक्यानं कढई धरून. अर्धा खवा मातीत, अर्धा कढईत.

"आरोही!"

ती दचकली. "लागला गं आई. मी हात थांबवला न्हाय, शप्पथ. तरी लागला."

मी कढईत बोट घातलं आणि तोंडात घातलं. भाजलं, पण गोड. मऊ. तळ बघितला, कुठं डाग म्हणून न्हाय.

"ह्याला काय बी झालेलं न्हाय."

"वास येतोय की," ती म्हणाली. "तुला न्हाय येत?"

न्हाय म्हणावं, तर पोरगी स्वतःला येडी समजणार, मी समजले तशी. व्हय म्हणावं, तर उरलेलाबी ओतणार. मी कढई तिच्या हातातनं घेतली आणि खाली ठेवली.

"मलाबी येतोय," मी म्हणले. "पण खवा चांगला हाय. दोन्ही खरं हाय. तुला कवापासनं येतो?"

"मुरुमला जायच्या आधीपासनं. मावशीच्या घरीबी येतो. पेपर लिहिताना लई येतो." तिनं खांद्यानं नाक पुसलं. "म्हणून तर फाडते पानं."

"आणि मला सांगितलं न्हाईस कधी?"

"सांगायची की. तूच विचारायचीस, येतोय का, मी व्हय म्हणायची." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "लहान होते तवा खोटंच म्हणायची. तू एकटीच म्हणत होतीस, पप्पा हसायचे, तू रडायचीस. मला वाटायचं, मी व्हय म्हणलं की तू एकटी न्हाईस. मग एक दिवस खरंच यायला लागला."

देवा. मी सासूला दोष दिला नव्हता, नशिबाला दिला नव्हता, पण आता माझं मलाच धरून कुठंतरी आपटावं असं झालं. एवढीशी पोर माझी सोबत करायला त्या वासात शिरली होती आणि तिला बाहेरचं दार सापडलं नव्हतं. मुरुमला ती माझ्यापासनं पळाली न्हाय. वासापासनं पळाली, आणि तो तिच्याबरोबर एस.टी.त बसून गेला.

"मॅडमकडं येशील माझ्याबरोबर?" मी विचारलं.

"त्या घालवतात का?"

खोटं बोलणं लई सोपं होतं. "माझा अजून गेला न्हाय," मी म्हणले. "पण त्या बसायला शिकवतात."

मी तिथंच उकिरड्याच्या कडेला मातीत बसले आणि तिला ओढून शेजारी बसवलं. सांडलेला खवा पुढ्यात पडला होता. तिचा हात सारखा कढईकडं जात होता, घासायला. माझाबी जात होता. मी तिचा जुन्या चटक्याचा हात माझ्या हातात घट्ट धरून ठेवला, कुणी कुणाला धरलंय ते मलाच कळंना. हे दारात येऊन उभे राहिले, आमच्याकडं बघितलं आणि आत भट्टीतली लाकडं बाहेर ओढायला गेले.

"अजून येतोय," आरोही म्हणाली.

"व्हय," मी म्हणले. "मलाबी."

ती उठायला गेली. मी हात सोडला न्हाय. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, सगळं वजन टाकलं, आणि दोघीबी तशाच बसून राहिलो.